शाकारणी, झाडलोट आणि मक्ता

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घर शाकारून घ्यावे, हा आपल्याकडील गृहस्थाचा जुना परिपाठ. कौले उतरवून फुटकी वेगळी काढावयाची, कुजलेल्या वाशांच्या जागी नवे घालावयाचे, गवती छप्पर असेल तर जुना थर काढून नवा अंथरावयाचा आणि तो दोरीने आवळावयाचा, या साऱ्या खटाटोपाला ‘शाकारणी’ हा एक शब्द पुरतो. आणि ज्या भाषेने वर्षातून एकदा न चुकता करावयाच्या दुरुस्तीसाठी असा स्वतंत्र शब्द जवळ बाळगला, त्या भाषेच्या लोकांना, इमारत ही एकदा बांधून हात झटकण्याची वस्तू नव्हे, ती रोज, दर महिन्याला आणि दर वर्षाला सांभाळावी लागते, हे पक्के ठाऊक असले पाहिजे. घरापुरता हा विषय सोपा असतो, कारण घराला धनी असतो. परंतु जी इमारत कोणा एकाची नाही, म्हणजे चावडी, देऊळ, किल्ला, कचेरी, इस्पितळ, तिचा केर कोणी काढावा, तिचे छप्पर कोणी शाकारावे आणि त्याचा मोबदला कोणत्या कागदाच्या आधारे द्यावा, या प्रश्नाला महाराष्ट्राने गेल्या तीन-चारशे वर्षांत निरनिराळी उत्तरे दिली. ती उत्तरे एकामागून एक ठेवून पाहिली म्हणजे आजच्या सफाईच्या कंत्राटांविषयी जो वाद चालू आहे त्याची मुळे किती खोल गेली आहेत, हे ध्यानी येते.

पहिले उत्तर वतनाचे. देवळाची झाडलोट गुरवाकडे, चावडीची आणि गावच्या रस्त्यांची महाराकडे, लाकूडकामाची दुरुस्ती सुताराकडे, अशी गावगाड्याने कामांची वाटणी करून ठेवली होती. यात करार नव्हता, मुदत नव्हती, रोकड मुशाहिराही नव्हता. होते ते खळ्यावरचे बलुते आणि थोडीफार इनाम जमीन. काम बापाकडून मुलाकडे जाई, त्यामुळे चावडीला झाडणारा नाही असे कधी होत नसे, आणि एखाद्या भिंतीत ओल कोठून शिरते हे तीन पिढ्यांच्या अनुभवाने माहीत असलेला माणूस गावातच असे. ही त्या व्यवस्थेची बळकट बाजू होय. परंतु ज्याच्या माथी ती झाडू आली त्याला ती खाली ठेवण्याची मुभा नव्हती, कामाची मर्यादा ठरलेली नव्हती आणि मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर राही, हे विसरून त्या सातत्याचे कौतुक करणे मला अन्यायाचे वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच बंधनातून सुटका व्हावी म्हणून, आणि कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा होण्यास त्यानंतर १९५८ साल उजाडावे लागले.

किल्ल्यांचा कारभार याहून निराळा, कारण तेथे धनी प्रत्यक्ष राज्यच होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आज्ञापत्रात दुर्गांच्या प्रकरणी जी सूचना आहे ती आजच्या कोणत्याही नगरपालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याने जरूर वाचावी. गडाच्या वाटांवर, बाजारात आणि तटालगत केरकचरा पडू देऊ नये, तो झाडून गडाखाली लोटून देऊ नये, जागच्या जागी जाळावा आणि त्याची राख परसात घालून भाजीपाला पिकवावा, असा त्या सूचनेचा आशय आहे. केर उचलणे म्हणजे तो दुसऱ्याच्या दारी नेऊन टाकणे नव्हे, ही जाण त्या लेखणीला होती. राज्याच्या इमारतींची व सरंजामाची देखभाल कारखान्यांकडे असे. अठरा कारखान्यांच्या याद्यांत येणारा फरासखाना तंबू, राहुट्या, जाजमे, बैठकी यांची निगा राखी. पुण्यात त्या नावाची पोलीस चौकी अजून आहे, आणि न्यायालयांच्या आस्थापनेवर ‘फरास’ हे पदही परवापरवापर्यंत ऐकू येई. बिछायत अंथरणारा आणि सकाळी दालन झाडून, टेबले पुसून ठेवणारा हा माणूस सरकारचा चाकर होता. त्याचे नाव सरकारी दफ्तरी असे आणि वेतन सरकारी तिजोरीतून मिळे, ही गोष्ट पुढील हकिकतीसाठी लक्षात ठेवावी.

मक्ता हा शब्द आपल्याकडे आला तो झाडलोटीच्या संबंधाने नव्हे, वसुलीच्या संबंधाने. ठरावीक रक्कम सरकारात भरण्याची हमी देऊन एखाद्या बाबीचे उत्पन्न आपल्याकडे घ्यावयाचे, यास मक्ता किंवा इजारा म्हणत. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत मामलती अशा इजाऱ्याने अधिकाधिक बोली करणाऱ्यास देण्याची रीत बोकाळली. ज्याने सर्वांत चढी बोली केली त्याला ती रक्कम अखेर रयतेकडूनच वसूल करावयाची असल्याने, त्या बोलीचा भार कोणाच्या पाठीवर पडला हे सांगावयास नको. पुढे इंग्रजी अमलात बांधकामाचा व सफाईचा मक्ता आला तो याच्या बरोबर उलट्या रीतीने: तेथे सर्वांत कमी बोली करणारा जिंकतो. परंतु दोन्ही व्यवहारांची घडण एकच आहे. सरकार आणि प्रजा यांच्यामध्ये एक तिसरा मनुष्य उभा राहतो, तो सरकारला आकड्याची हमी देतो, आणि तो आकडा साधण्यासाठी ज्याच्यावर त्याचा अधिकार चालतो त्यालाच पिळतो. इजाऱ्यात तो रयत होता, सफाईच्या मक्त्यात तो झाडूवाला आहे.

लॉर्ड डलहौसीच्या अमदानीत, १८५४-५५ च्या सुमारास, लष्करी मंडळाकडील काम काढून सार्वजनिक बांधकामाचे स्वतंत्र खाते निर्माण झाले आणि कंत्राट हा शब्द मराठी मुलखात घरोघर पोहोचला. या नव्या व्यवहारात महात्मा जोतीराव फुले स्वतः कंत्राटदार म्हणून वावरले. खडकवासल्याच्या धरणाच्या कामास त्यांनी सामग्री पुरविली, आणि १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासदही होते. इंजिनीयर खात्यातील कारकुनी लबाडीविषयी त्यांच्या लेखनात जी धार आहे ती पुस्तकी नव्हे: मोजमापात काय होते, बिल कोठे अडते, मजुराच्या हाती पडेपर्यंत रुपयाचे किती आणे उरतात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. मुंबईत तेलुगू बोलणाऱ्या कंत्राटदारांची एक कर्तबगार पिढी याच काळात उदयास आली, आणि तिच्यातील रामय्या व्यंकय्या अय्यावारू यांच्यासारखे गृहस्थ सत्यशोधक समाजाचे आधारस्तंभ झाले. कंत्राटाने काही शूद्र जातींना, वतनाच्या चौकटीत कधीच मिळाली नसती अशी संपत्ती व प्रतिष्ठा दिली, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र ती बांधणाऱ्यांना मिळाली, झाडणाऱ्यांना नाही.

या फरकाचे कारण मला मोजमापात सापडते. बांधकाम मोजता येते. दगडमातीचे काम ब्रासाने, म्हणजे शंभर घनफुटांनी, मोजावे, मोजमाप पुस्तकात नोंदवावे, दरसूचीतील दराने गुणावे, आणि बिल मंजूर करावे. मुंबई इलाख्यापासून चालत आलेली निविदांची वर्गवारी आजही महाराष्ट्राच्या बांधकाम खात्यात रूढ आहे: ‘बी-१’ म्हणजे अंदाजपत्रकी दरावर टक्केवारीने वर किंवा खाली बोली, ‘बी-२’ म्हणजे प्रत्येक बाबीचा वेगळा दर. निविदेबरोबर बयाणा भरावयाचा, काम मिळाल्यावर अनामत ठेवावयाची, आणि ठरलेल्या मुदतीत दोष निघाला तर तो पदरच्या खर्चाने दुरुस्त करून द्यावयाचा. भिंत बांधण्यासाठी ही योजना उत्तम आहे, कारण भिंत एकदा पुरी होते. परंतु सकाळी सहाला झाडलेला जिना आठ वाजता पुन्हा धुळीने भरतो. मोजणारा येईपर्यंत केलेले काम उरलेलेच नसते. मग मोजावयाचे काय? नाइलाजाने क्षेत्रफळ मोजावे लागते, नाही तर माणसे. म्हणून सफाईचा मक्ता हा नावाने कामाचा असला तरी वस्तुतः माणसे पुरविण्याचा मक्ता होतो. जेथे लोखंड, सिमेंट, वाळू काहीच नाही आणि खर्च बव्हंशी मजुरीचाच आहे, तेथे कोणी अंदाजपत्रकापेक्षा वीस टक्के खाली बोली केली, तर ते वीस टक्के कोणाच्या पगारातून निघणार हे अंदाजपत्रक करणारा, निविदा उघडणारा आणि कार्यादेश काढणारा असे तिघेही जाणून असतात.

आर्थिक वर्षाचीही एक अडचण आहे, तिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच जाते. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपते. त्या दिवशी न खर्चलेले अनुदान परत जाते, म्हणून मार्चअखेर बिलांची एकच घाई उडते, आणि नवे अनुदान हाती येऊन, निविदा निघून, ती मंजूर होऊन कार्यादेश निघेपर्यंत मृग लागून गेलेला असतो. ज्या दोन महिन्यांत शाकारणी व्हावयाची, नेमक्या त्याच दोन महिन्यांत सरकारी इमारतीला दुरुस्तीचा पैसा नसतो. तालुक्याच्या कचेरीच्या भिंतींवर जुलैत जे ओलीचे नकाशे उमटतात त्यांना गवंड्याच्या हलगर्जीपेक्षा या पंचांगाची विसंगती अधिक कारण आहे, असे माझे मत झाले आहे.

मुंबई शहराची कथा याहून विस्ताराने सांगण्याजोगी आहे. तेथे १८४५ साली शहरसफाईसाठी एक मंडळ नेमले गेले, १८५८ साली त्याच्या जागी तीन आयुक्त आले, आणि १८६५ च्या कायद्याने एकाच म्युनिसिपल आयुक्ताच्या हाती कारभार गेला. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी बाजार बांधले, रस्ते रुंद केले, खर्चाचा हात सैल सोडला आणि त्या खर्चावरून उठलेल्या वादळात १८७१ साली पद सोडले. त्यांच्या बाजाराला त्यांचे नाव मिळाले. परंतु त्या बाजारामागील घरगल्ल्यांतून रात्री मैला वाहून नेणाऱ्यांना मुंबई ज्या नावाने ओळखे ते नाव होते हलालखोर. हा शब्द फारसी, अर्थ कष्टाची, न्यायाची भाकर खाणारा. सफाई करणाऱ्यांना या नावाने संबोधण्याची रीत अकबर बादशहाने रूढ केली, असे ऐने अकबरीत नमूद आहे. दोन घरांच्या पाठभिंतींमधील अरुंद बोळ केवळ या माणसाच्या येण्याजाण्यासाठी ठेवलेला असे. घरमालकाशी परस्पर ठरणारे हे काम पुढे नगरपालिकेने आपल्याकडे घेतले, आणि १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यात ‘हलालखोर कर’ या नावाची स्वतंत्र आकारणीच आली. इतका थोर अर्थाचा शब्द कराच्या पावतीवर छापला गेला. त्याच्या धन्याला मात्र नगरसभेच्या दारात पाय ठेवता येत नव्हता.

सफाई कामगार नगरपालिकेच्या खात्याचा झाला म्हणजे त्याला काय मिळाले आणि काय गमवावे लागले, याचा हिशेब सरळ नाही. दरमहा पगार आला, हजेरीपटावर नाव आले, दादरच्या कासारवाडीसारख्या वस्त्यांत राहण्यास खोली आली. परंतु खोली नोकरीला बांधलेली, म्हणून नोकरी गेली की छप्पर गेले. ते राखावयाचे तर मुलानेही झाडूच हाती धरली पाहिजे, असे एक नवेच वतन शहरात तयार झाले. हे काम किती महत्त्वाचे होते याची कबुली नगरपालिकेने दिली ती भयाच्या क्षणी. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिज्वराचे निदान केले, लोक गाड्या भरभरून शहर सोडून जाऊ लागले, आणि हलालखोर व झाडूवाले त्यांच्याबरोबर निघून गेले तर मुंबईत राहणेच अशक्य होईल, या धास्तीने अधिकाऱ्यांनी साथीचे कठोर उपाय काही काळ सैल केले. शहराचे प्राण ज्यांच्या हाती आहेत ते कोण, हे तेव्हा सर्वांना दिसले. पुढे केराच्या आगगाडीसाठी कुर्ला ते चेंबूर असा लोहमार्ग टाकण्यात आला. आज ज्या मार्गावरून माणसे गर्दीने प्रवास करतात त्याचा जन्म कचऱ्यासाठी झाला आहे.

स्वातंत्र्यानंतरची पहिली तीस वर्षे ही या कामगाराच्या बाजूने हळूहळू झुकत गेलेली वर्षे आहेत. मुंबई सरकारने १९४९ साली वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यास समिती नेमली. पुढे याच प्रश्नासाठी मलकानी समिती आली. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी देण्याचे तत्त्व रूढ झाले. या शेवटच्या तत्त्वाबद्दल माझ्या मनात दोन परस्परविरोधी भावना आहेत: ते घराला आधार देते आणि त्याच वेळी मुलाला बापाच्या झाडूशी बांधते. बांधकाम व पाटबंधारे खात्यांतील रोजंदारी मजुरांपुरता १९६७ चा कालेलकर करार मला अधिक समंजस वाटतो. रोजंदारीवर पाच वर्षे सलग काम केलेल्यास रूपांतरित आस्थापनेवर घ्यावे, अशी साधी तरतूद त्यात होती. वंश विचारला नाही, जात विचारली नाही. तू इतकी वर्षे या इमारतीसाठी, या कालव्यासाठी राबलास, तेव्हा तुझा हक्क आहे, एवढेच त्या करारात मान्य केले होते.

त्यानंतर १९७० चा कंत्राटी कामगार कायदा आला, आणि त्याच्या दहाव्या कलमात या साऱ्या इतिहासाचा गाभा येऊन बसला. एखाद्या कामात कंत्राटी पद्धती बंद करावी की नाही हे ठरविताना सरकारने काय पाहावे? ते काम आस्थापनेला आवश्यक आहे काय, ते बारमाही स्वरूपाचे आहे काय, एरवी असे काम कायम कामगारांकडून करून घेतात काय, आणि पूर्ण वेळच्या पुरेशा माणसांना पुरेल इतके ते आहे काय. या चार प्रश्नांच्या कसोटीला झाडलोटीइतके चोख उतरणारे दुसरे काम शोधून सापडणार नाही. केंद्र सरकारने ९ डिसेंबर १९७६ रोजी अधिसूचना काढून आपल्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींची झाडलोट, सफाई, धूळ पुसणे व पहारा या कामांत कंत्राटी कामगार लावण्यास मनाई केली. कायदा येथपर्यंत आला आणि थबकला. कारण कंत्राट बंद झाले तर कंत्राटावर असलेल्या माणसाचे काय करावे, याविषयी त्यात एक शब्द नव्हता. ज्याच्या हितासाठी मनाई केली त्याचीच त्या मनाईने नोकरी जावी, असा पेच उभा राहिला. मुंबईच्या एअर इंडियाच्या इमारतींतील सफाई कामगारांनी हा पेच न्यायालयात नेला, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मधला मनुष्य दूर झाल्यावर कामगार आणि मूळ मालक यांचे नाते थेट जुळते, सबब त्यांना सामावून घ्यावे. पाच वर्षे हा निर्णय टिकला. ३० ऑगस्ट २००१ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात तो फिरविला. १९७६ ची अधिसूचना पुढील काळापुरती रद्द ठरविली, आपोआप सामावून घेण्याचा हक्क नाकारला, आणि कामगाराला दोन वाटा ठेवल्या: कंत्राट हा निव्वळ बनाव आहे असे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध करावे, अथवा कायम भरती निघाल्यास अग्रक्रम मागावा.

सिद्ध करावे, हे म्हणणे सोपे आहे. ज्याचे नाव एका वर्षी एका मक्तेदाराच्या पटावर, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच्या, आणि तिसऱ्या वर्षी कोणाच्याच पटावर नाही, त्याने आपली वीस वर्षांची चाकरी कोणत्या कागदाने दाखवावी? मुंबई महापालिकेत कचरा उचलणाऱ्या सुमारे २,७०० कंत्राटी कामगारांच्या संघटनेने, म्हणजे कचरा वाहतूक श्रमिक संघाने, हे दिव्य केले. न्यायाधिकरणाने २०१४ साली त्यांच्या बाजूने कौल दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्याच वर्षाच्या आरंभी महाराष्ट्रात १९७० चा कायदा लागू होण्याची मर्यादा वीस कामगारांवरून पन्नासांवर नेणारी दुरुस्ती अमलात आली होती, म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने अरुंद झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये तर राज्य शासनाने बाह्ययंत्रणेमार्फत मनुष्यबळ पुरविण्यासाठी नऊ संस्थांची निवड करणारा निर्णय काढला आणि तरुणांच्या संतापापुढे पुढच्याच महिन्यात तो मागे घेतला. सुशिक्षितांच्या पदांवर मक्ता येताच राज्यभर क्षोभ उसळला. झाडूवाल्याच्या पदावर तो येऊन तेव्हा पाव शतक उलटले होते.

सकाळी सहाच्या आगेमागे मुंबईतील एखाद्या हजेरी चौकीपाशी उभे राहावे. भिंतीला टेकवलेल्या झाडवा सारख्याच असतात, ढकलगाड्या सारख्याच, झाडावयाचा रस्ताही एकच असतो. टेबलावर हजेरीपट मात्र दोन असतात. एकावर ज्याची सही होते तो आजारी पडला तर रजेचा अर्ज करतो. दुसऱ्यावर ज्याची होते तो आजारी पडला तर त्या दिवसाची रोजी जाते. मुकादम दोन्ही पट मिटून पिशवीत ठेवतो आणि माणसे एकाच रस्त्याने निघतात.